फ्लॉरेन्स नाइटिंगेल : दिवा आणि नोंदवही

राजूरला रात्री दहा-साडेदहाचा सुमार झाला, कोळशाच्या ट्रकांची वर्दळ जरा ओसरली, की आमच्या घरात एक ठरलेले दृश्य दिसते. भांडी घासून पालथी घातलेली असतात, वडील खाणीतल्या दुसऱ्या पाळीहून यायचे असतात आणि आई सतरंजीवर बसून पुढ्यात तीन-चार जाडजूड नोंदवह्या उघडते. आई उपकेंद्रात नर्स आहे. गावात तिला कुणी सिस्टर म्हणते, कुणी नर्सबाई. दिवसभर ती वस्त्यावस्त्यांतून पायी हिंडते आणि रात्री, दिवसभरात जे पाहिले ते रकान्यांत भरते. गरोदर बायका किती, कितवा महिना, कुणाचे रक्त कमी, कुणाच्या लेकराला कोणती लस टोचली, कुणाला ताप, कुणाला जुलाब, कोण जन्मले, कोण गेले. हल्ली हेच सगळे मोबाइलवरही भरावे लागते. म्हणजे काम कमी न होता दुप्पट झाले!

मी दहावीला होतो तेव्हाची गोष्ट. परीक्षा तोंडावर आलेली, अंगात ताप, आणि आई मात्र वहीत डोके घालून बसलेली. मी चिडून तिला म्हणालो, की तुला कारकुनीच करायची होती तर नर्स कशाला झालीस? आईने उत्तर दिले नाही. पट्टीने रेघ ओढली, वही मिटली आणि माझ्या कपाळावर ओली घडी ठेवली. ते वाक्य मी बोलून गेलो खरा, पण बोलल्यापासून ते माझ्याच मनात काट्यासारखे रुतून बसले आहे. ते काढण्याचा एक प्रयत्न म्हणूनच हा लेख लिहायला घेतला आहे, असे म्हटले तरी चालेल.

त्याचे असे झाले. 12 मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. त्यानिमित्त भाषण करण्यासाठी मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे एक जुने चरित्र काढून आणले. शाळेच्या भिंतीवर तिचे चित्र आपण सर्वांनीच पाहिलेले असते. काळोखी दालन, खाटांवर निजलेले सैनिक आणि हाती दिवा घेतलेली एक गोरी, शांत बाई. मला त्या दिव्याविषयी चार अलंकारिक वाक्ये हवी होती. ती मिळाली, पण पुढच्या प्रकरणांत भेटली ती निराळीच बाई. पलंगावर उशांना टेकून बसलेली, कागदांच्या ढिगात बुडालेली, आकड्यांच्या बेरजा-भागाकार करणारी, मंत्र्यांना आणि व्हाइसरॉयांना धारेवर धरणारी. दिवा तिने हाती धरला तो एक-दीड वर्ष. लेखणी धरली ती जवळजवळ पन्नास वर्षे. (तिला एकेरी संबोधतो याबद्दल वाचकांनी राग मानू नये. आईलाही आपण अगं-तूगंच करतो.)

फ्लॉरेन्सचा जन्म 12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. आईवडील लग्नानंतर युरोपच्या लांबलचक प्रवासाला निघालेले; त्या प्रवासात दोन मुली झाल्या आणि दोघींना जन्मगावांची नावे मिळाली. थोरली नेपल्सला जन्मली, तिला त्या नगरीच्या जुन्या ग्रीक नावावरून पार्थेनोपी म्हणू लागले. घर गडगंज श्रीमंत. उन्हाळ्यात एका वाड्यात, हिवाळ्यात दुसऱ्या. वडील विल्यम नाइटिंगेल विद्याव्यासंगी. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून असेल कदाचित, त्यांनी मुलींना स्वतःच लॅटिन, ग्रीक, जर्मन, फ्रेंच, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवले. धाकटीला मात्र गणिताचे वेड. पाहुणे दिवाणखान्यात गप्पा मारत आणि ही माडीवर गणिते सोडवीत बसे. आईला वाटे, गणिताने मुलीचे लग्न जमेल काय? ही काळजी वणी तालुक्यातल्या आईचीही असू शकते, नाही का!

1837 साली, सतराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, परमेश्वर आपल्याला कोणत्यातरी सेवेसाठी बोलावतो आहे असा अनुभव तिला आला. सेवा कोणती, हे कळायला पुढे काही वर्षे गेली. आसपासच्या खेड्यांतील आजाऱ्यांच्या झोपड्यांत ती जाऊ लागली, तेव्हा तिच्या ध्यानात आले की दयेने भागत नाही. रोग्याची शुश्रूषा ही विद्या आहे आणि ती शिकावी लागते. 1845 मध्ये तिने सॅलिसबरीच्या इस्पितळात काही महिने शिकायला जाण्याची परवानगी मागितली. घरात आकांत झाला. आई रडली, बहिणीला झटके येऊ लागले, वडील उठून निघून गेले. त्यांचा पूर्ण दोष म्हणता येत नाही. त्या काळचे इस्पितळ म्हणजे घाण, दुर्गंधी आणि मरण. आणि नर्स म्हणजे दारूच्या नशेत झिंगणारी, अन्य कोठे थारा न मिळालेली बाई, अशीच समजूत होती. आपल्याकडेही सुईणीच्या कामाकडे आणि पुढे नर्सच्या पेशाकडे लोक कोणत्या नजरेने पाहत, ते आईच्या पिढीच्या बायकांना विचारावे.

पुढली आठ वर्षे तिने घरात कोंडल्यासारखी काढली. पहाटे, घर उठण्यापूर्वी, मेणबत्तीच्या उजेडात ती सरकारी अहवाल वाची. इस्पितळांचे, शहरांच्या आरोग्याचे, मृत्युसंख्येचे. वह्याच्या वह्या टिपणांनी भरल्या. दिवस उजाडला की खाली उतरून चहापाण्याला आणि पाहुण्यांच्या सरबराईला हजर. रिचर्ड मंक्टन मिल्न्स नावाचा एक कवी, पार्लमेंटचा सभासद, नऊ वर्षे तिच्या होकाराची वाट पाहत होता. तिलाही तो आवडत होता. तरी 1849 मध्ये तिने त्याला नकार दिला. लग्नानंतरही हेच दिवाणखान्यातले आयुष्य पुढे चालू राहील, हे तिने ओळखले होते. हा नकार तिला सोपा गेला नाही. त्या वर्षांत जगणे नकोसे झाल्याचे विचार तिच्या मनात येत होते. चरित्रकार हा भाग भरभर उरकतात. मला तर युद्धापेक्षा हीच लढाई मोठी वाटली. युद्धात निदान शत्रू कोण ते कळते. येथे समोर आई उभी होती.

अखेर 1851 साली जर्मनीतील कायझरव्हर्थ येथील संस्थेत तीन महिने शिकायला तिला मिळाले, आणि 1853 मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील एका छोट्या रुग्णालयाची ती अधीक्षिका झाली. पगार नव्हता, वडिलांनी वर्षाला 500 पौंड बांधून दिले. वय तेहतीस.

1854 मध्ये इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी आणि आजारी सैनिकांना काळ्या समुद्रापार, इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी येथील लष्करी इस्पितळांत आणले जाई. तेथील हालांच्या बातम्या वृत्तपत्रांत छापून आल्या आणि देश खवळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट तिचे स्नेही होते. त्यांच्या सांगण्यावरून ती 38 परिचारिका घेऊन निघाली आणि 4 नोव्हेंबर 1854 रोजी स्कुटारीला पोचली. बराकीचे ते अवाढव्य इस्पितळ तुंबलेल्या गटारांवर उभे होते. उंदीर, उवा, कुजके गवत भरलेल्या गाद्या. कपडे धुण्याची सोय नाही, वाट्या-चमचे नाहीत. आणि लष्करी डॉक्टरांना ही बायकांची पलटण नकोच होती. ती भांडत बसली नाही. डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय एकाही परिचारिकेने रोग्याला हात लावायचा नाही, असे तिने ठरवून टाकले. काही दिवसांतच एका लढाईतील जखमींची रीघ लागली आणि डॉक्टरांना बोलवावेच लागले.

मग तिने स्वयंपाकघर मांडले, धुलाईघर काढले, सदरे आणि चादरी मागवल्या, सैनिकांची पत्रे लिहिली, मरणाऱ्यांच्या उशाशी बसली. रात्री हाती कंदील घेऊन दालनांतून फिरली. तो कंदील चित्रातल्यासारखा समईवजा नव्हता; घडी घालता येणारा, कागदी पडद्याचा तुर्की फाणस होता. त्या फेऱ्यांनी सैनिकांच्या मनात तिला देवत्व मिळाले आणि इंग्लंडातल्या घराघरांत तिची चित्रे गेली. येथवरची गोष्ट आपल्याला पाठ आहे.

पाठ नसलेली गोष्ट अशी, की एवढे करूनही माणसे मरतच होती. 1855 च्या फेब्रुवारीत स्कुटारीतील मृत्यूचे प्रमाण शेकडा 42 पर्यंत चढले. त्या एका हिवाळ्यात तेथे चार हजारांहून अधिक सैनिक मेले. बहुतेक सगळे जखमांनी नव्हे, तर हगवण, कॉलरा आणि तापाने. मार्चमध्ये इंग्लंडहून एक आरोग्य आयोग आला. त्याने गटारे उपसली, मेलेली जनावरे हलवली, पाण्याचे मार्ग मोकळे केले, भिंतींना चुना फासला. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले. (आम्ही राजूरकर चुन्याच्या भट्ट्यांच्या धुरावर रोज कुरकुरतो. तोच चुना कुठे प्राणांवर उपकार करून गेला, हे वाचून जरा गंमत वाटली.)

1856 च्या ऑगस्टमध्ये ती परतली. सत्कार चुकवून, गाजावाजा न करता. क्रिमियात तिला झालेला ताप पुढे आयुष्यभर उलटत राहिला आणि 1857 पासून ती बहुतेक काळ अंथरुणाला खिळली. विल्यम फार नावाच्या आकडेतज्ज्ञाबरोबर तिने स्कुटारीचे हिशेब मांडायला घेतले. तेव्हा आकड्यांतून एक भयंकर गोष्ट पुढे आली. जेथे ती स्वतः राबत होती, त्याच इस्पितळात त्या हिवाळ्यात मृत्यू सर्वांत जास्त होते. अन्न, कपडे, डॉक्टर अपुरे पडले म्हणून माणसे मेली असे ती तोवर समजत होती. आकडे सांगत होते की गटारांनी आणि कोंदट हवेने मारले. म्हणजे तिच्या हाताखाली, तिच्या दिव्याच्या उजेडात, जी माणसे गेली त्यांतील कित्येक वाचली असती.

दुसरी एखादी असती तर हा हिशेब पेटीत दडवून ठेवला असता. देश तिला देवी मानत होता. कोण विचारायला येणार होते? तिने तो छापला. सैन्याच्या आरोग्यावर तिने शेकडो पानांचा अहवाल लिहिला आणि 1858 मध्ये खाजगी रीतीने छापून अधिकाऱ्यांत वाटला. मंत्री लोक रकाने वाचीत नाहीत हे तिला ठाऊक होते. म्हणून तिने वर्तुळाच्या पाकळ्या पाडून रंगीत आकृत्या काढल्या. बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळे, जखमांचे तांबडे, इतर काळे. निळा रंग इतका पसरलेला, की तांबडा शोधावा लागे. शिवाय तिने दाखवून दिले की युद्ध नसतानाही, इंग्लंडातल्या बराकीत, तरण्याबांड सैनिकांचा मृत्युदर त्याच वयाच्या सामान्य नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट आहे. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सभासद करून घेतले. ती त्या संस्थेची पहिली स्त्री सभासद.

हे करताना तिच्या हाती कोणते अधिकारपद होते? कोणतेही नाही. इंग्लंडात बायकांना मताचा हक्क मिळाला तो 1918 साली, तिच्या मृत्यूनंतर. सैन्याच्या आरोग्याविषयीच्या 1857 च्या शाही आयोगात ती सभासद होऊ शकत नव्हती; तिची साक्षही लेखी घेतली गेली. पण आयोगावर कोण असावे, कोणते प्रश्न विचारावेत, उत्तरांतून काय काढावे, हे तिच्या खोलीत ठरत होते. सिडनी हर्बर्ट अध्यक्ष होते आणि काम ती करीत होती. 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात तिच्या नावाची परिचारिका शाळा निघाली, तिच्या पुस्तकांच्या आवृत्त्या निघाल्या. ते सर्व प्रसिद्धच आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

मला सांगायचे आहे ते हिंदुस्थानाविषयी. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी येथे गोरी फौज वाढवली आणि ती फौज छावण्यांतून मरू लागली. हजारी 69 दर साल! लढाईने नव्हे, ताप, हगवण, यकृताचे विकार आणि कॉलऱ्याने. 1859 मध्ये यासाठी शाही आयोग नेमला गेला. तिने एक प्रश्नावली तयार केली आणि ती देशभरच्या लष्करी ठाण्यांकडे धाडली गेली. पाणी कोठून येते, विहीर कशी आहे, सांडपाणी कोठे जाते, बराकीत माणशी जागा किती, सैनिक रिकाम्या वेळात काय करतो. पुणे, कामठी यांसारख्या छावण्यांचा तो काळ. उत्तरांचे ढीग लंडनला तिच्या पलंगाभोवती साचले. त्यांतून 1863 साली दोन जाड खंडांचा अहवाल निघाला आणि त्यात तिचा स्वतःचा एक भाग होता. पखालवाला भिस्ती घाण डबक्यातून पाणी कसे भरतो याची चित्रेसुद्धा तिने त्यात घातली, कारण लंडनच्या अधिकाऱ्याला पखाल म्हणजे काय ते चित्राशिवाय कळणार कसे? पुढे अहवालाची संक्षिप्त आवृत्ती निघाली तेव्हा नेमका तिचाच भाग गळाला! तिने तो वेगळा छापवून घेतला. 1864 पासून बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांत आरोग्य आयोग नेमले गेले. दहा वर्षांनी, 1873 मध्ये, तिने पुन्हा हिशेब मांडला. सैनिकांचा मृत्युदर हजारी 18 वर आला होता.

येथवर हे गोऱ्या सैन्यापुरते होते आणि ते तसेच राहिले असते तर मी हा लेख लिहिला नसता. पण नोंदी वाचता वाचता तिची नजर छावणीच्या कुंपणाबाहेर गेली. छावणी स्वच्छ ठेवली तरी शेजारच्या गावात कॉलरा आहे तोवर उपयोग काय? गावात कॉलरा का? पाणी वाईट. पाणी वाईट का? तळी आटलेली, कालवे नाहीत. कालवे का नाहीत, रयत कर्जात का, सावकाराच्या दारात का? एका विहिरीपासून निघालेली ही बाई शेतसारा, कुळकायदा, पाटबंधारे आणि दुष्काळ इथवर जाऊन पोचली. 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाखा होरपळला, तेव्हा तिने इंग्लंडच्या मासिकांत लेख लिहून सरकारला जाब विचारला. परिचारिकेचे हे काम आहे काय, असे पुष्कळांनी म्हटले असेल. आजाऱ्याला आजार कशाने झाला हे विचारणे जर तिचे काम असेल, तर हेही तिचेच काम, असे मला वाटते.

हिंदुस्थानात ती कधीच आली नाही. प्रकृतीने येऊ दिले नाही. पण व्हाइसरॉय नेमला गेला की इकडे येण्यापूर्वी तिच्या भेटीला जाई. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर हे तिचे जवळचे सहकारी. लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचे पाऊल उचलले तेव्हा ती त्याच्या बाजूने उभी राहिली. उतारवयात तर साहेबांपेक्षा तिचा ओढा येथल्या सुशिक्षितांकडेच अधिक होता. 1870 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी, म्हणजे ज्या सभेचे न्यायमूर्ती रानडे हे आधारस्तंभ, तिचा खेड्यांच्या आरोग्याबद्दल पत्रव्यवहार होता. बाहेरच्या हुकमाने गाव स्वच्छ होणार नाही, गावच्या माणसांनी समजून उमजून ते केले पाहिजे, हा तिचा सूर.

1889 मध्ये मुंबई इलाख्यात ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला. कायदा झाला, पण पैसा? खेड्याने झाडलोट करायची, विहिरी राखायच्या आणि त्याला दमडी कोठून आणायची याचा पत्ता नाही. खेड्यातून जो कर गोळा होतो त्यातील काही भाग प्रथम त्याच खेड्याच्या आरोग्यावर खर्च व्हावा, अशी मागणी तिने लावून धरली आणि 1892 मध्ये तसे निवेदन हिंदुस्थान मंत्र्याकडे गेले. सरकारने ते मानले नाही. रस्ते आधी, आरोग्य मागून, असा सरकारी क्रम. बहात्तर वर्षांची ती बाई त्यासाठी झगडली आणि हरली. ग्रामपंचायतीच्या सभेत निधीवरून होणारी वादावादी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही हार फार जुनी वाटणार नाही.

पण त्याच 1892 च्या सुमारास तिने आणखी एक बी पेरले. बहीण पार्थेनोपी ज्या घराण्यात दिली होती, त्या घराण्यातील फ्रेडरिक व्हर्नी यांच्या साह्याने तिने बकिंगहॅमशर परगण्यात खेड्यातल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देणारा वर्ग काढला. या बायकांनी घरोघर जायचे, पोरांना न्हाऊमाखू कसे घालावे, पाणी कसे राखावे, हे आयांशी मैत्रिणीसारखे बोलून सांगायचे. हीच योजना हिंदुस्थानच्या खेड्यांसाठी तिने 1896 साली एका लेखात मांडली. येथल्या भाषेत बोलणाऱ्या, येथल्या चुली-पाणवठ्यांना ओळखणाऱ्या बायका त्यासाठी हव्यात, असे तिचे म्हणणे. तो लेख वाचताना मी थबकलो. कारण त्या वर्णनातली बाई माझ्या ओळखीची होती. खांद्याला पिशवी, पायांत झिजलेली चप्पल, दुपारच्या उन्हात डोक्यावर पदर. तिला मी रोज घरी येताना पाहतो.

तिची बाजू घेताना तिचे दोष झाकणे बरोबर नव्हे. रोगजंतूंची कल्पना तिने फार उशिरा आणि नाखुशीने स्वीकारली. दुर्गंधी आणि कोंदट हवा हेच रोगाचे मूळ, या जुन्या मताला ती वर्षानुवर्षे चिकटून राहिली. परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी, परीक्षा घेऊन दाखला द्यावा, या चळवळीलाही तिने विरोध केला. चारित्र्य परीक्षेत मोजता येत नाही हा तिचा मुद्दा. इंग्लंडात ती नोंदणी तिच्या पश्चात, 1919 मध्ये आली. हाताखालच्यांना ती राबवून घेई आणि स्वतःलाही. सिडनी हर्बर्ट मरणाला टेकले असतानाही तिने त्यांच्यामागचा कामाचा लकडा सोडला नाही आणि 1861 मध्ये ते गेले. शिवाय ती साम्राज्याचीच लेक होती; इंग्रजांनी येथून जावे असे तिला वाटत नव्हते, नीट राज्य करावे एवढेच वाटत होते.

तिचा धागा आपल्या महाराष्ट्रात कसा आला, हे पाहण्यासारखे आहे. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांचे चरित्र दयाराम गिडुमल यांनी लिहिले, त्याला 1892 मध्ये फ्लॉरेन्सची प्रस्तावना आहे. या मलबारी-गिडुमल जोडीनेच 1908 मध्ये मुंबईला सेवासदन काढले आणि दुसऱ्या वर्षी पुण्याचे सेवासदन उभे राहिले ते रमाबाई रानडे यांच्या छत्राखाली. न्यायमूर्तींच्या पश्चात रमाबाईंनी विधवा आणि परित्यक्ता मुलींना ससून इस्पितळात नर्सिंग शिकायला धाडले. सोवळ्या घरातल्या मुलीने परक्या पुरुषाची शुश्रूषा करायची! पुण्यात काय गहजब झाला असेल, याची कल्पना करावी. सॅलिसबरीला निघालेल्या मुलीच्या घरी झाला तोच आकांत सत्तर वर्षांनी मराठीत झाला, इतकेच.

फ्लॉरेन्सची दृष्टी 1901 च्या सुमारास गेली. जिने आयुष्यभर वाचले-लिहिले तिला अखेरची वर्षे दुसऱ्यांकडून ऐकून काढावी लागली. 1907 मध्ये तिला ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री, पण तोवर तिचे भान हरपत चालले होते. 13 ऑगस्ट 1910 रोजी, नव्वदाव्या वर्षी, ती झोपेत गेली. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राजाराण्यांच्या शेजारी तिला पुरण्याची तयारी होती. तिच्या इच्छेला मान देऊन घरच्यांनी ती नाकारली आणि हॅम्पशरमधील ईस्ट वेलो या खेड्यात आईवडिलांजवळ तिला ठेवले. दगडावर नाव नाही. दोन आद्याक्षरे आणि दोन तारखा.

भाषण झाल्यावर त्या रात्री मी आईला हे सारे सांगत बसलो. तिला दिव्याची गोष्ट ठाऊक होती. प्रशिक्षणाच्या वेळी मेणबत्ती हाती धरून तिनेही नाइटिंगेलच्या नावाची प्रतिज्ञा घेतली होती. ती प्रतिज्ञा नाइटिंगेलने लिहिलेलीच नाही, 1893 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला इतरांनी तयार केली, हे ऐकून ती हसली. मग निळ्या पाकळ्यांचे सांगितले तेव्हा मात्र ती गप्प झाली. उठली, आणि लोखंडी पेटीच्या तळातून एक शाळेची शंभर पानी वही काढून आणली.

मी लहान असताना आईची नेमणूक दुसऱ्या एका तालुक्यातील खेड्यात होती. एका पावसाळ्यात तेथे हगवण-ओकारीची साथ आली. गावात पाणी भरण्याच्या दोन विहिरी. आईने सरकारी नोंदवहीतून वेळ काढून या वहीत प्रत्येक आजाऱ्यापुढे तो कोणत्या विहिरीचे पाणी पितो ते लिहिले होते. ओढ्याकाठच्या विहिरीचे चौदा, वरच्या विहिरीचे दोन. हा तक्ता तिने महिन्याच्या अहवालाला जोडून तीन वेळा वर पाठवला. उत्तर आले नाही. तेव्हा तिने तो ग्रामसभेत उभे राहून वाचला. बायका पहिल्यांदाच सभेला आल्या होत्या, कारण चौदांत त्यांची लेकरे होती. विहीर उपसली गेली, कठडा बांधला गेला, दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर पडू लागली. वर पाठवलेल्या कागदांचे काय झाले ते तिला अजून माहीत नाही.

हे तिने मला पूर्वी कधीच सांगितले नव्हते. दहावीच्या त्या रात्रीही सांगितले नाही. मी वही उघडून पाहिली. पट्टीने आखलेल्या रेघा, निळी शाई, दोन रकाने. शेवटच्या पानावर दोन नावांपुढे तारीख होती आणि तारखेपुढे काही लिहिलेले नव्हते. मी विचारले. तो कठडा बांधण्याआधी गेलेली ती दोन मुले, असे आई म्हणाली आणि वही परत पेटीत ठेवायला गेली.

हल्ली रात्री मी तिच्याजवळ बसतो. ती नावे आणि आकडे सांगते, मी मोबाइलवर भरतो. नोंदवही मात्र ती स्वतःच्याच हाताने लिहिते. वडील पाळीहून येईपर्यंत आमचे बहुधा आटोपलेले असते.